जानेवारीपासून धरू नये

माझी नोकरी जाणार आहे हे मला बेसबॉल टीमच्या यादीवरून कळलं. हे सांगितलं की लोक आधी हसतात. त्यांच्या जागी मीही हसलो असतो, म्हणून हसण्याचा मला राग येत नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा येतो आणि तो अजून उतरलेला नाही. तेव्हा ज्यांना शांत, समजूतदार, सगळ्यांना माफ करून मोकळं होणाऱ्या माणसाच्या आठवणी हव्या असतील त्यांनी इथंच थांबावं.

मी सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या बॅक ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करत होतो. राहायला सेम्बावांगला, म्हणजे रोज बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा एमआरटीचा, म्हणजे इथल्या मेट्रोचा, प्रवास. बायको नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये, आणि मुलगी प्रायमरी फाइव्हला, म्हणजे पाचवीत. शनिवारी मात्र मी पिचर होतो. बेसबॉलमध्ये मातीच्या उंचवट्यावर उभं राहून चेंडू फेकणारा जो माणूस असतो, तो.

पुण्यात बेसबॉल कुठून आला, असं लोक विचारतात. आमच्या शाळेत होता. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळायचे. क्रिकेटच्या संघात शिरायला अख्खी शाळा टपलेली असायची आणि बेसबॉलला मुलं जमवता जमवता सरांच्या नाकी नऊ यायचे. मी गुणांसाठी गेलो आणि खेळात अडकलो. वीस-पंचवीस वर्षांनी सिंगापूरला आलो, तर माझा नवा साहेबही पुण्याचाच निघाला, आणि तोही असाच गुणांपायी बेसबॉल शिकलेला. फरक इतकाच की तो कॅचर. कॅचर म्हणजे पिचरच्या समोर उकिडवा बसून चेंडू झेलणारा. आठवड्याभरातच आमचं अरे-तुरे सुरू झालं आणि महिन्याभरात आम्ही टीम काढली. चौदा माणसं, त्यातली नऊ मराठी, बाकी फिलिपिनो, तैवानी आणि एक तमिळ. ऑफिसात तो माझा मॅनेजर आणि मैदानात कॅप्टन. मी त्याला कॅप्टनच म्हणेन. दुसरा शब्द तोंडात येतो, पण तो छापण्याजोगा नाही.

पाच वर्षं आमची जोडी होती. कॅचर मांडीच्या आड बोटं धरून पिचरला खुणा करतो. एक बोट म्हणजे सरळ चेंडू, दोन म्हणजे वळणारा, बोटं हलवली म्हणजे हळू. मी नुसती मान हलवायची. पाच वर्षांत त्याची एक खूण मी चुकीची वाचली नाही. म्हणूनच तर जास्त झोंबतं. समोर बसून बोटांनी जगातलं सगळं सांगता येत होतं त्याला.

आमच्या टीमचं दुखणं पहिल्यापासून एकच, पिचिंग. बॅटिंगला रीघ लागायची, पण फेकायला माणूस नाही. एका पिचरनं एका सामन्यात किती चेंडू टाकायचे यावर लीगची मर्यादा असते, कारण खांदा ही काही कायमची वस्तू नाही. ज्या टीमकडं तीन-चार धड पिचर, तिला डेप्थ आहे म्हणतात. आमच्याकडं मी होतो आणि माझ्या मागं देव होता. सामना सहाव्या इनिंगला पोचला की माझी मर्यादा संपायची आणि मग कॅप्टन आजूबाजूला बघायचा, तेव्हा सगळे बुटाची नाडी बांधायला खाली वाकलेले असायचे.

दर वर्षी सीझन संपला, वर्षअखेरचा पाऊस सुरू झाला, की आमची नव्या टीमची जुळवाजुळव सुरू व्हायची. बाकीच्या टीमा काय करतात मला माहीत नाही, पण आम्ही भारतीय, त्यात आयटीतले, म्हणजे आधी शीट बनवणार. नाव, जागा, बॅट डावी की उजवी, कुठल्या शनिवारी पूजा, कुणाची आई येणार. आणि एक रकाना होता, ‘पास कधीपर्यंत’. आम्ही सगळे एम्प्लॉयमेंट पासवरचे, म्हणजे नोकरी आहे तोवरच्या परवान्यावरचे. पास संपला आणि वाढला नाही की माणूस महिन्याभरात हिंजवडीत. एका वर्षी ऐन सीझनमध्ये आमचे दोन खेळाडू असे गेले, म्हणून पुढच्या वर्षी शीटमध्ये हा रकाना घालायचं ठरलं. कुणी सुचवलं, हे आधीच सांगून टाकतो. मीच. तेव्हा कमिटीत होतो. एका गड्याचा पास मार्चमध्ये संपत होता तर मी म्हणालो होतो, ‘त्याला धरायलाच नको, उगाच मध्येच खड्डा पडेल.’ सगळ्यांना ते फार व्यवहारी वाटलं होतं. त्या माणसाला, तुला धरलेलं नाही, हे कुणी सांगितलं का, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. आज ते आठवलं की मान खाली जाते. पण म्हणून दुसऱ्यानं माझ्याशी जे केलं त्याचा राग कमी होत नाही. उलट, ते किती सहज होतं हे मला माहीत आहे म्हणून तो वाढतोच.

गेल्या सप्टेंबरात, गणपतीत, कॅप्टनला एक नवा माणूस सापडला. इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करणारा, जळगावकडचा, तिशीचा, अबोल. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत बोलता बोलता कळलं की तो शाळा-कॉलेजात पिचर होता. कॅप्टननं मला लगेच फोन केला. त्याचा आवाज असा, की मुलीला स्थळ सांगून आलंय.

‘अरे, मिळाला! डेप्थ मिळाली आपल्याला! तू जरा तयार कर त्याला.’

मला कोण आनंद. इतक्या वर्षांनी माझ्या खांद्यावरचं ओझं उचलायला दुसरा खांदा आला होता. पोरगा गुणी होता, पण हात आखडलेला. वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत वाकून काम केलेलं. मी त्याला दर रविवारी सकाळी बोलावू लागलो. पाय कुठं टाकायचा, कोपर किती वर, चेंडूच्या शिवणीवर बोटं कशी ठेवायची, बेसवरचा माणूस पळायला लागला तर डोळ्याच्या कोपऱ्यानं कसा बघायचा. जे मला शिकायला पंधरा वर्षं लागली ते सगळं मी त्याच्या पदरात ओतलं. तो मला दादा म्हणायचा. घरी जेवायला आला तेव्हा बायकोला म्हणाला, ‘वहिनी, दादा हातचं काही राखत नाहीत.’ मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरात सीझनचे शेवटचे सामने होते आणि आम्ही कधी नव्हे ते वरच्या चार टीममध्ये होतो. कॅप्टन मला प्रत्येक सामन्यात फेकायला लावत होता. मर्यादेच्या शेवटच्या चेंडूपर्यंत. शनिवारी घरी आलो की शर्ट काढायला मुलीची मदत लागायची. ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, ‘बाबा, यू सो ओल्ड ऑलरेडी, स्टॉप लाह.’ बायको काही न बोलता बर्फाची पिशवी आणून ठेवायची. तिचं काही न बोलणं हे बोलण्यापेक्षा मोठं असतं, पण ते पुढं येईल.

ऑक्टोबरातच आमच्या फ्लॅटचा करार संपत होता. घरमालकीण म्हणाली, दोन वर्षांसाठी करा, नाहीतर मी दुसरा भाडेकरू बघते. नोकरी गेली तर करार मोडता येतो अशी अट असते, पण तीही पहिलं वर्ष संपल्यावरच. आयटीतलं वातावरण बरं नव्हतं, शेजारच्या टॉवरमध्ये माणसं कमी होत होती, म्हणून मी एका दुपारी कॅन्टीनमध्ये कॅप्टनला सरळ विचारलं. साहेब म्हणून विचारलं.

‘लीज दोन वर्षांसाठी करतोय. करू ना? मुलीचं पुढं सहावीचं वर्ष आहे. काही कानावर आलं असेल तर सांग.’

तो लक्सा, म्हणजे नारळाच्या रश्श्यातल्या नूडल्स, खात होता. मान वर न करता म्हणाला, ‘कर की. त्यात विचारायचं काय?’ आणि मग म्हणाला, ‘शनिवारी खांदा कसा राहील तुझा?’

मी सही केली.

नोव्हेंबरात निवड चाचणी झाली. त्या चाचणीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्या महिन्यातलं तेवढंच एक हसू माझ्या वाट्याला आलं. पोस्टडॉक मिळाला तरी कॅप्टनला अजून दोन पिचर हवे होते. त्यानं आपल्या मराठी मंडळींच्या क्रिकेट टीममधले चार वेगवान गोलंदाज आणले. वेग आहे, हात मजबूत आहे, मग अडलं कुठं? अडलं कोपरात. जन्मभर कोपर सरळ ठेवायची सवय. कोपर वाकला की तो फेकी गोलंदाज, त्याहून मोठी बेअब्रू नाही. मी सांगत होतो, ‘वाकवा, इथं वाकवायचाच असतो.’ आणि त्यातला एक, चांगला बेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, इकडं तिकडं बघून हळूच म्हणाला, ‘नाही हो जमत. चोरी केल्यासारखं वाटतं.’ दुसऱ्याचे सगळे चेंडू बॅटरच्या अलीकडं टप्पा खाऊन उसळायचे. हवेतून थेट चेंडू टाकणं त्याच्या मनालाच पटत नव्हतं. चौघंही नापास. कॅप्टन वैतागला, पण माझ्याकडं वळलाच नाही. त्यानं पोस्टडॉकच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘मग सगळं तुझ्यावर.’

मी जवळच उभा होतो. मला वाटलं, पोराचा हुरूप वाढवतोय.

दोन आठवड्यांनी, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, सराव झाल्यावर मी आणि पोस्टडॉक बाकावर बसून पाणी पीत होतो. विजेचा इशारा देणारा भोंगा वाजला म्हणून सराव लवकर थांबला होता. तो बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत बसला. मग म्हणाला, ‘दादा, तुम्ही गेल्यावर मला काही अडलं तर व्हिडिओ कॉल केला तर चालेल ना?’

‘कुठं गेल्यावर?’

‘पुण्याला. जानेवारीत.’

मी हसलो. म्हटलं, कुणी सांगितलं तुला? तो गोंधळला. म्हणाला, कॅप्टन म्हणाले की दादा जानेवारीपासून नसतील, तेव्हा फेब्रुवारीच्या पहिल्या सामन्यापासून मुख्य पिचर तूच. सप्टेंबरातच म्हणाले. मला वाटलं तुमचं परत जायचं आधीच ठरलंय, तुम्हीच ठरवलंय. म्हणून तर तुम्ही इतकं मन लावून शिकवताय.

त्याचा चेहरा उतरत गेला. त्याला कळलं होतं, माझ्याही आधी. मी त्याला म्हटलं, ‘काहीतरी गडबड झाली असेल,’ आणि उठलो. त्या पोराचा यात काडीचा दोष नव्हता.

घरी येताना एमआरटीत मी फोनवर टीमची शीट उघडली. शीट दर वर्षी तीच पुढं चालायची आणि कमिटीतल्या तिघांनाच दिसायची, पण आदल्या वर्षी मी कमिटीत होतो आणि माझी परवानगी काढायची कुणाला आठवण राहिली नव्हती. माझ्या नावापुढं ‘पास कधीपर्यंत’मध्ये मीच भरलेली तारीख होती, दीड वर्षानंतरची. शेजारी शेऱ्याच्या चौकटीत चार शब्द होते: ‘नाही. जानेवारीपासून धरू नये.’

आता, आम्ही सॉफ्टवेअरवाले. चौकटीत काय लिहिलंय यापेक्षा कुणी लिहिलं आणि केव्हा, हे आम्ही आधी बघतो. शीटला सगळा इतिहास असतो, फक्त मागं जायचं. मी मागं गेलो. लिहिणारा कॅप्टन. सप्टेंबरातला मंगळवार, सकाळी अकराच्या सुमाराला, म्हणजे ऑफिसात, माझ्यापासून सहा खुर्च्या पलीकडं बसून. आणि पोस्टडॉकचं नाव शीटमध्ये आलं ते त्यानंतर पाच दिवसांनी.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते मी एमआरटीत उभ्या उभ्या अनुभवलं. स्टेशनं येत होती, जात होती. त्या मंगळवारनंतर मी त्याच्यासाठी किती सामने फेकले ते बोटांवर मोजत होतो. त्या मंगळवारनंतर मी त्याला लीजचं विचारलं होतं. सेम्बावांग मागं पडून दोन स्टेशनं गेली तरी मी आत तसाच उभा होतो.

सोमवारी सकाळी मी त्याला मीटिंग रूममध्ये गाठलं आणि फोन समोर धरला. त्यानं चौकट वाचली. त्याच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल? ‘तुला अजून ॲक्सेस आहे?’

मी म्हटलं, ‘हे खरं आहे का?’

‘मी यावर काही बोलू शकत नाही. एचआर बोलेल.’

‘पोस्टडॉकशी बोलू शकलास?’

‘मी त्याला कारण नाही सांगितलं.’ हे तो असं म्हणाला, की त्यात त्याचा काही मोठा संयम होता.

बुधवारी एचआरनं बोलावलं. आमच्या विभागातले सहा जण. शेवटचा दिवस एकतीस डिसेंबर. यादी वरून आली होती, कॅप्टननं केलेली नव्हती, एवढं मी मान्य करतो. त्यानं मला वाचवायचा प्रयत्न केला असेल, हेही धरून चालू. नोकऱ्या जातात. मी काही दुधखुळा नाही. जाताना मला हातातली सगळी कामं दुसऱ्याला समजावून द्यायला लावली, तीही मी दिली, तीन आठवडे, एकही दिवस न चुकवता. माझं भांडण नोकरीशी नाही. माझं भांडण दोन महिन्यांशी आहे.

परदेशात पासवर राहणाऱ्याला दोन महिने म्हणजे काय, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. नोकरीत असताना दुसरी नोकरी शोधणारा माणूस वेगळा आणि नोकरी गेलेला वेगळा. नोकरी संपली की पास रद्द होतो आणि हातात तीस दिवस उरतात. तीस दिवसांत नवी कंपनी, नवा अर्ज, नाहीतर सामान बांधा. माझ्या पासवर मुलगी होती. जानेवारीत तिची सहावी सुरू होत होती. इथं सहावीच्या शेवटी पीएसएलई नावाची परीक्षा असते, पुढची शाळा तिच्यावर ठरते, आणि पोरगी दोन वर्षं तिच्यासाठी झटत होती. ऐन त्या वर्षात तिला उचलून पुण्यात कुठल्या शाळेत घालायचं? आणि दोन वर्षांचं लीज मानगुटीवर. सप्टेंबरात मला कळलं असतं तर मी अर्ज केले असते, मुलाखती दिल्या असत्या, लीजवर सही केली नसती. कॅप्टननं टीमला पिचर शोधायला पाच महिने दिले. मला माझं घर सावरायला एक दिवससुद्धा दिला नाही.

डिसेंबरभर मी अर्ज करत होतो. वर्षअखेरीला सिंगापुरात कुणी माणसं घेत नाही, जो तो सुट्टीवर. ‘जानेवारीत बोलू’ असे मेल यायचे. मुलीला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतंच. एके दिवशी तिनं अभ्यासाच्या टेबलावरून मान वर करून विचारलं, ‘बाबा, पुण्याच्या स्कूलमध्ये मराठी कंपल्सरी आहे?’ मराठीत विचारलं. ती आमच्याशी मराठी बोलत नाही.

मार्ग काढला तो बायकोनं. तिचा स्वतःचा पास होता, पण नवऱ्याला आणि मुलीला त्या पासवर ठेवायला जेवढा पगार लागतो त्याच्या जरा खाली तिचा पगार. तिच्या लॅबमध्ये सीनियरची जागा दीड वर्ष रिकामी होती. तिला दोनदा विचारलेलं. दोनदा ती नाही म्हणाली होती. मला हे माहीत होतं, कारण मात्र माहीत नव्हतं. ते तिनं तेव्हा सांगितलं, भाजी चिरता चिरता, आवाज न चढवता.

‘त्या जागेला शनिवारची ड्युटी आहे. शनिवारी तू मैदानावर असतोस. मुलीजवळ कोण थांबणार होतं?’

मी तिच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेली भाजी चिरायला लागलो.

‘तू त्याच्यावर चिडलायस ते बरोबरच आहे,’ ती म्हणाली, ‘पण पाच वर्षं शनिवार मी पण दिलेत. मला कुणी कुठल्या शीटमध्ये धरलं नव्हतं.’

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबिणीला जाऊन सांगितलं. जागा मिळाली, पगार वाढला, कागद गेले. माझ्या तीस दिवसांतले बावीस संपले होते तेव्हा मंजुरी आली. मुलगी आणि मी, दोघंही तिच्या पासवरचे डिपेन्डन्ट. मुलगी म्हणाली, ‘बाबा, नाऊ यू अँड मी सेम-सेम.’ त्या दिवशी मी बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवलो.

बातमी मी कुणाला सांगितली नव्हती. पण आपल्या लोकांत बातमी कधी लपते? त्याच शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात कॅप्टन, हातात मिठाईचा डबा. एचआरचं बोलावणं आलं त्यानंतर आम्ही कामापलीकडं एक शब्द बोललो नव्हतो. बायको ड्युटीवर होती. मुलगी आतल्या खोलीत गणितं सोडवत होती. मी त्याला आत घेतलं. घरी आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं आमच्याकडं शिकवलेलं नाही. चहा केला, आलं घालून, मोठ्या कपात. समोर ठेवला.

‘खूप बरं वाटलं रे,’ तो म्हणाला. खरंच बरं वाटलेलं होतं त्याला, चेहऱ्यावर दिसत होतं. ‘मी रोज विचार करत होतो तुमचा.’

मी मिठाईचा डबा टेबलाच्या कडेला सरकवला.

तो दोन घोट चहा प्यायला. खुर्चीत सैल बसला. मग म्हणाला, ‘आता राहतोच आहेस, तर फेब्रुवारीपासून ये ना. तो पोरगा चांगला आहे, पण एकट्यावर नाही भागणार. तू आणि तो, दोघं असलात तर या वर्षी आपण जिंकतो. पहिल्यांदा आपल्याकडं डेप्थ आहे.’

मला वाटलं होतं मी ओरडेन. डिसेंबरभर अंघोळ करताना, भांडी घासताना मी याच्याशी मनात भांडत आलो होतो, एकेक वाक्य घासून पुसून ठेवलं होतं. प्रत्यक्षात मी एकच विचारलं, आणि हळू आवाजात, कारण आत मुलगी होती.

‘सप्टेंबरात मला का नाही सांगितलंस? आता एचआरचं नाव घेऊ नको. तुझी माझी पाच वर्षांची ओळख. नुसतं म्हणायचं होतंस, लीज करू नको. एवढंच. का नाही म्हणालास?’

तो विचारात पडला. खोटं बोलायचं की नाही असा तो विचार नव्हता. प्रामाणिकपणे आठवत होता. मग समजावल्यासारखं, जवळजवळ कौतुकानं म्हणाला, ‘अरे, तुला सांगितलं असतं तर तू शनिवारी मुलाखतींची तयारी करत बसला असतास. शेवटचे सामने फेकलेच नसतेस. सगळा सीझन तुझ्यावर होता.’

आणि माझ्याकडं असा बघत राहिला, की आता तरी मला पटलं असेल.

त्याच्या कपात अर्धा चहा शिल्लक होता. आमच्या घरात आलेल्या माणसापुढून न संपलेला कप कधी कुणी उचललेला नाही. माझ्या आईनं नाही, वडिलांनी नाही, ज्यांच्याशी त्यांचं जन्मभर पटलं नाही अशांच्याही पुढून नाही. मी उठलो, तो कप उचलला, स्वयंपाकघरात गेलो आणि सिंकमध्ये ओतून कप विसळून पालथा घातला. बाहेर आलो तेव्हा तो उभा राहून बूट शोधत होता.